बाद प्रत

एकतीस डिसेंबर. अर्धं शटर खाली ओढून
खाजामियाँनी कटिंग मशीन पुसलं,
आणि पतसंस्थेच्या बाराशे डायऱ्यांतली एक
माझ्याकडं सरकवली. "बाद आहे, सोजरबाई. तुम्हीच घेऊन जा."

बोटांना आधी कळतं.
मे महिन्याचं जुज दोनदा शिवलंय,
एक ते सोळा, पुन्हा एक ते सोळा.
सप्टेंबरात पाचनंतर एकदम बावीस.
चूक माझीच. त्या दिवशी लाइट गेलती
आणि मी मोबाइलच्या उजेडात जुजं लावायलते.

घरी आले तर नळाला पाणी. नऊ दिवसांनी.
टाकी भरेपर्यंत मोटारीशेजारी
शाल गुंडाळून बसले, डायरी मांडीवर.
नव्या वर्षाचं काहीतरी ठरवतात म्हणं.
शेजारच्या दीक्षानं भिंतीवर चिकटवलंय:
आठशे मीटर, दोन मिनिटं चाळीस.
पोलीस भरती आहे तिची.
मला कुठं धावायचंय?

तरी लिहिलं. एक जानेवारी: चष्मा.
सुई ओवायला किती दिवस दुसऱ्याची लेकरं बोलवू.
दोन जानेवारी: डबा दोनच्या आत, खळीचे हात धुऊन.
पाच: खाजामियाँचे सहाशे.
चार वर्षं झाली, ते मागत नाहीत, म्हणूनच.
फेब्रुवारीत उरूस भरला की आकाशपाळण्यात बसणे.
आजवर सगळ्यांना बसवलं
आणि खाली उभं राहून चपला सांभाळल्या.
यंदा माझ्या कुणीतरी सांभाळा.

मग पेन थांबला. मग लिहिलं:
एक पुस्तक वाचणे. पहिल्या पानापासून.

एकवीस वर्षं पुस्तकं बांधायले मी.
कुणाचा कणा कच्चा, कोणतं पान
कोणत्या पानाच्या पाठीला, झोपेत सांगेन.
वाचले ते फक्त खालचे आकडे.
एकदा एका कादंबरीत, एकशे बाराव्या पानावर,
एक बाई विहिरीच्या काठावर भरली घागर ठेवून
निघून गेली. पुढं एकशे तेरा.
ते दुसऱ्या जुजात, आणि ते जुज मीनाक्षीच्या ढिगात.
मीनाक्षी आकडे पण बघत नाही.
पुस्तकाचं नाव आठवत नाही. पुठ्ठा हिरवा होता.
म्हणून खोडून पुन्हा नीट लिहिलं:
ती बाई कुठं गेली ते बघणे.

एक मे: दरकशेठला शेकड्यामागं दोन रुपये वाढवून मागणे.
मला मी ठाऊक आहे.
तोंड उघडेन, आणि "खळ संपली" एवढंच म्हणेन.
सोळा पानं उलटली. दुसरा एक मे:
परत मागणे.

असं दर माणसाला मिळायला पाहिजे,
एखादं जुज जास्तीचं.

सप्टेंबरला आले. पाच. बावीस.
मुक्तिदिनाचं झेंडावंदन त्यातच गेलं.
आणि चौदा तारीख.
चौदाचं मी इथं काही लिहिणार नाही,
लिहायला पानच नाही.
खरं सांगते, बरं वाटलं.
खाजामियाँना माहीत होतं का? टोपी सारखी करत
ते दुसरीकडंच बघत होते.

मोटारीचा आवाज बदलला तेव्हा ध्यानात आलं.
माझ्याकडं मे जास्तीचा आला,
म्हणजे कुठल्यातरी प्रतीत मे नाही
आणि सप्टेंबर दोनदा.
कुण्यातरी माणसाला दोनदा चौदा.
त्याला ती नुसती तारीख असेल. नसेलही.

सातशे प्रती अजून गोणपाटात आहेत.
टेम्पो उद्या दहाला.
एक जानेवारीच्या पानावर, चष्म्याच्या वर,
जागा नव्हती तरी बारीक अक्षरात लिहिलं:
आठला जाऊन गठ्ठे सोडणे. ती प्रत शोधणे.

सापडली तर दोन्ही उसवून
जुजं जिथली तिथं लावता येतील.
मग माझ्याही डायरीत सप्टेंबर येईल,
आणि दरकशेठपुढं जायला एकच मे.
लावायची का, ते अजून लिहिलं नाही.

टाकी भरून वाहायला लागली.
दीक्षा भिंतीवरून ओरडली, "मावशी, पाणी!"